औषधी वनस्पतींचे संशोधन : खर्च कोणाचा, लाभ कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



आयुर्वेदाचा विषय निघाला की सुशिक्षितांचे ताबडतोब दोन तट पडतात. एका तटाला प्राचीन संहितांमध्ये जगातील यच्चयावत रोगांची उत्तरे आधीच लिहून ठेवलेली दिसतात. दुसऱ्या तटाला त्यांत काढे, भस्मे आणि भाबडेपणा यांपलीकडे काहीच दिसत नाही. या दोन तटांमधील वाद गेली शंभर वर्षे चालू आहे आणि तो आणखी शंभर वर्षे चालावा असेच त्याचे स्वरूप आहे. मात्र या वादात एक साधा प्रश्न कोणीच विचारीत नाही. औषधी मुळी जंगलातून खणून आणतो तो कोण, तिचा गुण प्रथम कोणी ओळखला, त्या गुणाची परीक्षा कोणाच्या पैशाने झाली आणि अखेरीस नफा कोणाच्या खात्यावर जमा झाला? हा प्रश्न वैद्यकाचा नसून अर्थशास्त्राचा आहे, म्हणजेच राजकारणाचाही आहे. समाजवादी चळवळीने आजवर तो कापूस, ऊस आणि कांदा यांच्या बाबतीत विचारला. हिरडा आणि गुग्गुळ यांच्या बाबतीत तो क्वचितच विचारला.

सर्पगंधेचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे, कारण तिच्या कथेत या व्यवहाराचे सर्व टप्पे एकापाठोपाठ एक आलेले आहेत. कोकणात हिला अडकई म्हणतात. बिहारमध्ये तिच्या मुळ्या ‘पागल की दवा’ या नावाने विकल्या जात. वेड लागलेल्या माणसाला ही मुळी दिली की तो शांत होतो, हे तेथील वैदूंना आणि बाजारातील जडीबुटीवाल्यांनाही ठाऊक होते. या ज्ञानाचा जनक कोण, हे कोणालाही सांगता येणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या असंख्य अनामिकांनी ते साठवलेले होते. शास्त्रीय नाव मात्र मिळाले ते सोळाव्या शतकातील लेओनहार्ट राउवोल्फ नावाच्या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ. ‘राउवोल्फिया सर्पेंटिना’ हे ते नाव.

दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात हकीम अजमल खान यांनी देशी औषधींच्या रासायनिक संशोधनाचा पाया घातला आणि त्या कामासाठी सलीमुझ्झमाँ सिद्दिकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला बोलावून घेतले. हकीमसाहेब स्वातंत्र्यचळवळीतील अग्रणी होते. देशी वैद्यकाचा अभिमान त्यांना होता, परंतु तो प्रयोगशाळेला घाबरणारा अभिमान नव्हता. १९३१ साली सिद्दिकींनी सर्पगंधेच्या मुळीतून काही अल्कलॉइडे वेगळी काढली आणि त्यांतील एकाला आपल्या आश्रयदात्याचे नाव दिले : अजमलीन. त्याच वर्षी कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी उन्माद आणि रक्तदाब या दोन्हींवर उपयोगी पडते, असे निरीक्षण प्रसिद्ध केले. पुढे कर्नल रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा रक्तदाबावरील परिणाम तपासला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचा वापर शेकडो रुग्णांवर करून पाहिला आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये पन्नास रुग्णांवरील पद्धतशीर चाचणीचा निष्कर्ष छापला. पाश्चात्त्य वैद्यकाचे डोळे उघडले ते या लेखाने. यातले बहुतेक काम सार्वजनिक रुग्णालयांत आणि शिक्षणसंस्थांत, लोकांच्या पैशाने झालेले आहे आणि ते सर्वांसाठी खुले छापलेले आहे, हे येथे मुद्दाम लक्षात घेतले पाहिजे.

यानंतरचा अंक स्वित्झर्लंडमध्ये घडला. १९५२ साली बाझेल येथील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी या मुळीतून रिसर्पिन हे प्रभावी द्रव्य वेगळे काढले आणि थोड्याच अवधीत ते ‘सर्पासिल’ या व्यापारी नावाने जगभर विकले जाऊ लागले. रक्तदाब आणि मनोविकार या दोन्ही क्षेत्रांत त्याने काही वर्षे अक्षरशः क्रांती केली. मेंदूतील सेरोटोनिनसारख्या द्रव्यांचा साठा रिसर्पिनमुळे रिता होतो, या शोधातून मानसिक आजारांच्या आधुनिक रसायनशास्त्राला मोठी चालना मिळाली. त्याच द्रव्यामुळे काही रुग्णांना तीव्र नैराश्य येते हेही कळले आणि पुढे अधिक निर्धोक औषधे आल्यावर त्याचे महत्त्व कमी झाले. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्यांच्या कर्तृत्वाचा तो उचित गौरव होता. बिहारच्या बाजारातील मुळीविक्या मात्र कोणत्याही यादीत नव्हता आणि असण्याची शक्यताही नव्हती.

या कथेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तर पुढेच आहे. रिसर्पिन मुळीत असते. मुळी घ्यायची म्हणजे झाड उपटायचे. जागतिक मागणी वाढताच उत्तर भारताच्या तराईपासून सह्याद्रीपर्यंत सर्पगंधेची जंगली रोपे उपटली गेली. १९५० च्या दशकातच सरकारला मुळांच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. तेव्हा परदेशी कारखान्यांनी आफ्रिकेतील त्याच कुळातल्या दुसऱ्या जातीकडे, काँगोच्या जंगलांकडे, आपला मोर्चा वळवला. आज सर्पगंधा आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे. म्हणजे वैदूची विद्या जगाला मिळाली, सार्वजनिक संशोधनाचे फळ कारखान्याला मिळाले आणि ज्या डोंगरात ही मुळी होती त्या डोंगराला मिळाले ते खड्डे.

येथे अर्थशास्त्रातील एक प्राथमिक भेद उपयोगी पडतो. ज्ञान ही अशी वस्तू आहे की एकाने वापरल्याने ती दुसऱ्यासाठी कमी होत नाही. अडुळशाने खोकला सुटतो हे दहा माणसांना कळले काय आणि दहा कोटींना कळले काय, ज्ञानात घट होत नाही. अडुळशाचे झाड मात्र तसे नाही. एकाने ओरबाडले की दुसऱ्याला उरत नाही. तेव्हा शहाण्या समाजाने ज्ञान मोकळे ठेवावे आणि झाडाच्या वापराला मोल व मर्यादा घालावी, हे ओघानेच येते. प्रचलित व्यवस्थेने नेमके याच्या उलट केले आहे. वाटल्याने जे कमी होत नाही त्याच्याभोवती पेटंटचे कुंपण आहे आणि घेतल्याने जे संपते ते जवळपास फुकट आहे. औषधी वनस्पतींच्या क्षेत्रातील बहुतेक अन्यायांचे मूळ या उफराट्या हिशेबात सापडते.

कुंपणाच्या बाजूविषयी बराच गाजावाजा झालेला आहे, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याबद्दल पेटंट देण्यात आले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या कारकीर्दीत त्याला आव्हान दिले. पुराव्यात जुने ग्रंथ होते, तसाच १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला एक शोधनिबंधही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. कडुनिंबाच्या बुरशीनाशकावरील युरोपीय पेटंटही २००० साली रद्द झाले आणि २००५ मध्ये अपिलात तो निर्णय कायम राहिला. पुढे पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह तयार करण्याचे काम २००१ साली सुरू झाले आणि तो परदेशी पेटंट कार्यालयांना उपलब्ध करून देण्यात आला. आपल्या पेटंट कायद्यातही २००२ च्या दुरुस्तीने पारंपरिक ज्ञानावर पेटंट देता येणार नाही अशी तरतूद आली. हे सारे योग्यच झाले. परंतु हळदीच्या या विजयाची जितकी वाद्ये वाजली तितके त्यात काही नव्हते, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. ते पेटंट मुळातच पोकळ होते. ते रद्द झाल्याने सांगलीच्या बाजारात हळद आणणाऱ्या शेतकऱ्याला क्विंटलमागे एक रुपयाही जास्त मिळाला नाही, आणि ते राहिले असते तरी कोणत्याही गृहिणीला जखमेवर हळद दाबण्यापासून कोणी रोखू शकले नसते. राष्ट्राभिमानाला खाद्य मिळाले. जंगलातल्या माणसाचा प्रश्न जेथल्या तेथे राहिला.

तो प्रश्न महाराष्ट्रातच पाहता येतो, त्यासाठी बिहारला जाण्याची जरुरी नाही. सह्याद्रीच्या सदाहरित पट्ट्यात नरक्या नावाचे एक लहानसे झाड आहे. त्याच्या घाणेरड्या वासामुळे त्याला हे नाव पडले. १९६६ मध्ये अमेरिकेतील वॉल आणि वाणी यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य शोधून काढले. यांतील मनसुख वाणी हे नंदुरबारचे, ही जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी तेच द्रव्य नरक्यात, आणि तेही भरपूर प्रमाणात, असल्याचे दाखवून दिले. १९९० च्या दशकात त्यापासून तयार केलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे कर्करोगाच्या उपचारात रूढ झाली. ज्या झाडाला जळणासाठीसुद्धा कोणी हात लावीत नव्हते ते एकाएकी सोन्याचे झाले. कोल्हापूर, सातारा आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या जंगलात नरक्याची खोडे आणि मुळे तोडून, त्यांचे तुकडे करून, वाळवून, पोत्यात भरून नेण्याचा धंदा सुरू झाला. पकडला गेला तो बहुधा कुऱ्हाड चालवणारा मजूर. ज्याच्या मागणीमुळे कुऱ्हाड चालली त्याचा पत्ता पंचनाम्यात नसतो. आपण तोडतो त्या लाकडातून कर्करोगावरचे औषध निघते हेही त्या मजुराला कोणी सांगितलेले नसते. ते त्याला ठाऊक असते तर त्याने मजुरी मागितली नसती, भाव मागितला असता.

याच सह्याद्रीत, जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यात, हिरड्याचा व्यवहार याहून वेगळा आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. महादेव कोळी समाजाची कुटुंबे उन्हाळ्यात हिरड्याची कोवळी फळे झाडावरून उतरवून वाळवतात. हाच बाळहिरडा. पावसाळ्याआधी हाती पडणारा हाच काय तो रोख पैसा. येथे झाड मरत नाही. मुद्दल शाबूत राहते आणि दरवर्षी व्याज मिळते. एका एका झाडाची काळजी घेतली जाते, कारण ते कोणाचे आहे हे गावाला माहीत असते. आदिवासी विकास महामंडळाची खरेदी ज्या वर्षी वेळेवर होते त्या वर्षी व्यापारी भाव पाडू शकत नाही. ज्या वर्षी ती होत नाही त्या वर्षी तो पाडतो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातील हिरड्याचे फार मोठे नुकसान केले, तेव्हा नुकसानभरपाईसाठी आदिवासींना पुन्हा पुन्हा आंदोलने करावी लागली. शेतातील पीक गेले की पंचनामा होतो. जंगलातले पीक हे पीकच नव्हे, अशी सरकारी समजूत त्याच्या मुळाशी होती. नरक्या आणि हिरडा यांतला फरक वनस्पतिशास्त्राचा आहे हे खरे, परंतु केवळ तेवढाच नाही. ज्यावर गावाचा हक्क आणि ज्याला बांधलेला भाव, ती वस्तू टिकते. ज्यावर कोणाचाच हक्क नाही, ती पहिल्या ट्रकमध्ये जाते.

फुकट मालाची किंमत अखेर रोग्यालाही मोजावी लागते. अशोकारिष्टासाठी लागणारी खऱ्या अशोकाची साल आता दुर्मीळ झाली आहे. तिच्या जागी बागांतून व शाळांच्या आवारांतून उभ्या असलेल्या उंच, हिरव्यागार आसुपालवाची साल खपवली जाते हे अभ्यासकांनी अनेकदा दाखवून दिले आहे. या दोन्ही झाडांना लोक ‘अशोक’च म्हणतात, हे व्यापाऱ्याच्या पथ्यावर पडते. गोळा करणाऱ्याला दोन पैसे जास्त देऊन झाडे लावण्यापेक्षा नावाचा फायदा घेणे स्वस्त पडते. बाटलीवरील चित्र मात्र खऱ्या अशोकाचेच असते.

आता परीक्षेचा प्रश्न. आयुर्वेदाच्या अभिमान्यांना हा प्रश्न आवडत नाही आणि डाव्या विचाराचे काही मित्रही त्याला बिचकतात. देशी औषधाची चाचणी मागणे म्हणजे साम्राज्यवादी वैद्यकाची री ओढणे असे त्यांना वाटते. वस्तुतः चाचणी ही गरीब रुग्णाची मागणी असली पाहिजे, कारण निरुपयोगी औषधावर दवडलेला पैसा आणि दवडलेला वेळ त्यालाच सर्वांत कमी परवडतो.

ही परीक्षा होत का नाही? कारण सोपे आहे. त्रिफळ्याचे किंवा च्यवनप्राशाचे पेटंट कोणालाच घेता येत नाही. एखाद्या कारखान्याने मोठा खर्च करून चाचणी घेतली आणि निष्कर्ष अनुकूल आला, तर त्याचा लाभ शेजारच्या कारखान्यालाही मिळणार. प्रतिकूल आला, तर तोटा त्याचा स्वतःचा. अशा स्थितीत कोणताही नफेखोर आपण होऊन चाचणी घेणार नाही. तो जाहिरातीवर खर्च करील, कारण जाहिरात त्याच्या एकट्याच्या नावावर असते. त्यात कायद्याचीही मदत आहे. औषध आणि सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या अनुसूचीत दिलेल्या जुन्या ग्रंथांतील पाठाप्रमाणे बनवलेल्या शास्त्रोक्त औषधाला परिणामकारकतेचा नवा पुरावा द्यावा लागत नाही. ग्रंथातील उल्लेख हाच पुरावा मानला जातो. तेव्हा ही परीक्षा सार्वजनिक पैशानेच व्हावी लागते. दुसरा कोणी ती करणार नाही, आणि केली तर निष्कर्ष पूर्ण सांगणार नाही.

सार्वजनिक संशोधनाची आपल्याकडील परंपरा अगदीच क्षीण नाही. गुग्गुळाचे उदाहरण घ्यावे. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाचे वर्णन वाचून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात १९६६ मध्ये प्रबंध सादर केला. गुग्गुळ रक्तातील कोलेस्टेरॉल उतरवतो असे त्यांना प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यावर वर्षानुवर्षे काम केले आणि १९८० च्या दशकात गुगुलिपिड हे औषध बाजारात आले. २००३ मध्ये अमेरिकेत १०३ व्यक्तींवर आठ आठवड्यांची चाचणी झाली. तीत गुगुलिपिड घेणाऱ्यांचे घातक कोलेस्टेरॉल उतरले नाही, उलट चारपाच टक्क्यांनी चढले. काहींना अंगावर पुरळही आले. अमेरिकनांचा आहार वेगळा, प्रकृती वेगळी, असे त्यावर म्हटले गेले. असेलही, पण हे म्हणणे खरे की खोटे हे भारतात तशीच मोठी आणि काटेकोर चाचणी घेऊनच ठरणार, वर्तमानपत्रातील पत्रव्यवहाराने नव्हे. दरम्यान गुजरात-राजस्थानच्या रुक्ष प्रदेशातील गुग्गुळाच्या झुडपांना जास्त डिंकासाठी खोल चिरे देऊन, त्यांत द्रव्ये भरून, ती मारली जातात. आज ही जाती अतिसंकटग्रस्त गणली जाते. ज्याच्या गुणाबद्दल अजून एकमत नाही त्या औषधासाठी झाड मात्र जवळजवळ संपत आले!

गुळवेलीची कथाही अशीच दुहेरी आहे. के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवरोधजन्य काविळीच्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी गुळवेल देऊन तिचा उपयोग दाखवला. १९९३ मधील त्यांचा निबंध प्रसिद्ध आहे. वैद्यकातील काटेकोरपणा आणि वनस्पतींवरचे प्रेम या दोन्हींचा असा संगम महाराष्ट्रात विरळाच. कोविडच्या काळात मात्र गुळवेल घरोघरी, मनाला येईल तितकी, महिनोन्‌महिने घेतली गेली. २०२१ मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेल नसून तिची विषारी नातेवाईक असावी, असे म्हटले. हा आक्षेप खरा धरला तरी प्रश्न मिटत नाही, उलट तो अधिक गंभीर होतो. बाजारात गुळवेल म्हणून भलतीच वेल विकली जात असेल, तर ते पाहण्याची जबाबदारी कोणाची? मंत्रालयाचे काम वकिलाचे की तपासनिसाचे, हे ठरले पाहिजे.

चीनने या बाबतीत जे केले त्याकडे पूर्वग्रह बाजूला ठेवून पाहावे. १९६७ मध्ये तेथील सरकारने हिवतापावरील औषधासाठी एक मोठा सामूहिक प्रकल्प हाती घेतला. तू युयू यांच्या गटाने जुन्या ग्रंथांतील शेकडो पाठ चाळले. चौथ्या शतकातील एका ग्रंथात चिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून घ्यावी असे होते. त्यावरून उष्णतेने गुण जात असावा, असा तर्क त्यांनी केला आणि कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला. १९७१ मध्ये तो अर्क प्राण्यांवर पूर्ण यशस्वी ठरला. यातूनच आर्टेमिसिनिन मिळाले आणि २०१५ मध्ये तू युयू यांना नोबेल पारितोषिक. सांस्कृतिक क्रांतीच्या त्या दडपशाहीचे समर्थन कोणीही करू नये. पण ग्रंथाकडे पाहण्याची ही दृष्टी मोलाची आहे : ग्रंथ हा निकाल नव्हे, तो सुगावा आहे. आपल्याकडे केंद्रीय संशोधन परिषदेने हिवतापासाठीच सिद्ध केलेले ‘आयुष-६४’ क्लोरोक्विनशी तुलना करता कमी पडले, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून दिसले होते. तेच औषध २०२१ मध्ये कोविडसाठी पुढे करण्यात आले. एका रोगावर कमी पडलेले औषध दुसऱ्यावर चालणारच नाही असे नाही. परंतु पहिल्या निकालाची आठवण तेव्हा किती जणांनी करून दिली?

ज्ञान देणाऱ्याला वाटा देण्याचा एक प्रयोग भारतात झाला आणि त्याची कीर्ती जगभर पोचली. १९८७ साली केरळातील अगस्त्य पर्वतात शास्त्रज्ञांची एक तुकडी डॉ. पुष्पांगदन यांच्या नेतृत्वाखाली हिंडत होती. चढण चढून शास्त्रज्ञ थकले. वाट दाखवणारे काणी आदिवासी मात्र कसलीशी फळे खात ताजेतवाने चालत होते. आढेवेढे घेऊन त्यांनी अखेर ती वनस्पती दाखवली : आरोग्यपच्चा. पालोडच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान संस्थेने तिच्या पानांपासून ‘जीवनी’ हे बलवर्धक औषध तयार केले आणि १९९५ मध्ये कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला दहा लाख रुपये शुल्क आणि दोन टक्के स्वामित्वधन घेऊन उत्पादनाचा परवाना दिला. या दोन्हींतला निम्मा वाटा काणी समाजाचा, असे संस्थेने ठरवले. १९९७ मध्ये काणींचा विश्वस्त निधी नोंदला गेला आणि १९९९ मध्ये त्याच्याकडे पहिली रक्कम, पाच लाखांहून थोडी अधिक, जमा झाली. कोणताही कायदा तसे सांगत नसताना एका सरकारी संस्थेने हे केले, याबद्दल तिला पूर्ण श्रेय दिले पाहिजे.

तथापि हा प्रयोग फार काळ फुलला नाही, आणि त्याची कारणे रकमेपेक्षा महत्त्वाची आहेत. पाने गोळा करण्यास वनखात्यानेच आडकाठी केली. ज्याचे ज्ञान त्याला त्याच्याच जंगलात पाने तोडण्याची मुभा नव्हती. करार संस्था आणि कारखाना यांच्यात झाला, काणी त्यात सही करणारे नव्हते. त्यांच्या वस्त्या दूरदूर पसरलेल्या, आणि अनेकांना करार झाल्याचे नंतर कळले. वाटा मिळाला, पण तो दानासारखा वरून आला. कामगाराला बोनस देणे निराळे आणि वाटाघाटीच्या मेजावर त्याला खुर्ची देणे निराळे. ज्यांनी युनियनचे काम केले आहे त्यांना हा फरक समजावून सांगण्याची जरुरी नाही.

कायदा आला तो २००२ साली, जैवविविधता कायदा. व्यापारी उपयोगासाठी जैविक साधने घेणाऱ्यांनी लाभाचा न्याय्य वाटा स्थानिक लोकांना द्यावा, हे त्याचे तत्त्व. २०१४ च्या नियमावलीप्रमाणे हा वाटा कारखान्यातून होणाऱ्या विक्रीच्या ०.१ ते ०.५ टक्के इतका होता. शंभर रुपयांमागे जास्तीत जास्त आठ आणे! तेवढेही देण्यास उद्योगाची तयारी नव्हती. दिव्य फार्मसीने उत्तराखंड उच्च न्यायालयात असा युक्तिवाद केला की ही जबाबदारी परदेशी कंपन्यांची आहे, स्वदेशींची नाही. डिसेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला आणि देशी उद्योगही वाटा देण्यास बांधील आहे, असा निर्णय दिला. स्वदेशीचा झेंडा हाती असला म्हणून गोळा करणाऱ्याचे देणे माफ होत नाही, हा त्याचा अर्थ. परंतु पाच वर्षांच्या आत, २०२३ मध्ये, संसदेने कायद्यातच दुरुस्ती केली. ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाचा उपयोग करणाऱ्यांना, नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना आणि लागवडीच्या औषधी वनस्पतींना या देण्यातून वगळले गेले. तुरुंगवासाची शिक्षा जाऊन दंड उरला. ‘ग्रंथबद्ध ज्ञान’ या दोन शब्दांत सारे रहस्य आहे. ज्ञान ग्रंथात असेल, पण मुळी ग्रंथात उगवत नाही. ती कोणीतरी उन्हातान्हात खणून आणतो, आणि वाटा त्याचा होता. हळदीच्या वेळी ‘हे आमच्या ग्रंथात आहे’ हा युक्तिवाद परकीयांविरुद्ध केला गेला. आता तोच युक्तिवाद स्वकीयांविरुद्ध वापरला जात आहे.

या स्थितीत कार्यकर्त्यांच्या हाती दोन साधने उरतात. पहिले, २००६ चा वनहक्क कायदा. औषधी वनस्पती, मुळ्या आणि कंद हे त्यात स्पष्टपणे गौण वनउपजात मोडतात आणि त्यांची मालकी, गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वननिवासींचा आहे. सामूहिक हक्क मिळाला की काय घडते, हे गडचिरोलीतील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने बांबूच्या बाबतीत २०११ मध्ये दाखवून दिले. गावाने स्वतः लिलाव पुकारला. जे बांबूला लागू तेच बेहड्याला आणि हिरड्याला लागू.

दुसरे साधन म्हणजे लोकजैवविविधता नोंदवही. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असावी आणि तिने गावातील वनस्पती व त्यांसंबंधीचे ज्ञान नोंदवावे, असे २००२ चाच कायदा सांगतो. वर्षानुवर्षे याकडे दुर्लक्ष झाले. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून, त्यानंतर राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील असे बजावले, तेव्हा एकच धावपळ उडाली. मुदतीच्या धाकाने लिहिलेल्या नोंदवह्यांची गुणवत्ता काय असणार हे सांगणे नको. कित्येक गावांत समितीच्या सदस्यांनाही आपण सदस्य आहोत हे माहीत नसते. तरीही ही वही सरकारी दफ्तर आहे आणि ती ग्रामसभेपुढे मागता येते. पुढच्या ग्रामसभेत ती मागावी. तिच्यात आपल्या डोंगरावरील नरक्या, अडकई, हिरडा यांची नावे आहेत की बाजूच्या गावाच्या वहीतून ती उतरवली आहेत, हे गावातील वृद्ध स्त्रिया क्षणात सांगतील. कोणती वनस्पती कोण गोळा करतो, गेल्या हंगामात कोणत्या व्यापाऱ्याने किती माल उचलला आणि किलोला काय भाव दिला, यासाठी वहीत रकाना नसेल तर तो शाईने आखून घ्यावा आणि त्या ओळीखाली ग्रामसभेचा ठराव क्रमांक व तारीख घालावी.